धूर दिसला, तर माप चुकले

डोंबिवलीकरांना हवेतल्या वासाची ओळख करून द्यावी लागत नाही. एमआयडीसीकडून वारा सुटला की रात्री खिडक्या लावून घ्यायच्या आणि सकाळी तक्रार करायची, हे तिथल्या निवासी भागात वर्षानुवर्षे चालत आले आहे. जानेवारी २०१४ मधला हिरवा पाऊस, २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजीचे स्फोट यांमुळे रसायन म्हटले की हे शहर दचकते. मात्र त्याच शहरात, त्याच खिडक्या लावून, झोपायच्या खोलीत तापलेल्या तारेने थर्माकोल कापला जातो, तेव्हा ‘जरा वास येतो’ एवढ्यावर विषय संपतो.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत हा छंद अनेक घरांत पोहोचला आहे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी, निवृत्त तंत्रज्ञ, विमानांच्या आणि किल्ल्यांच्या प्रतिकृती करणारे हौशी लोक सीएनसी फोम कटरचे किट कुरिअरने मागवतात किंवा लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणतात. अॅल्युमिनियमची चौकट, चार स्टेपर मोटर, एक छोटा कंट्रोलर आणि दोन टोकांमध्ये ताणलेली नायक्रोमची तार, एवढाच पसारा. संगणकावर आकृती काढायची. तार तापते, मोटर तिला त्या आकृतीवरून फिरवतात आणि फोमचा ठोकळा लोण्यासारखा कापला जातो.

घरच्या माणसाला दमा असेल, तर अशा वेळी ‘हे यंत्र आधी घराबाहेर काढा’ हा सल्ला लगेच दिला जातो. तो सोपा आहे, पण नेहमीच योग्य असतो असे नाही. हातांनी काही घडवण्याचा, मोजण्याचा, चुकले तर पुन्हा जुळवण्याचा छंद मोबाइलच्या काळात दुर्मीळ आहे आणि तो टिकायला हवा. शिवाय या यंत्रात चांगली कापणी आणि चांगली हवा यांचे वैर नाही. कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राचे माप जुळवणे, नीट केले तर कापही अचूक येतो आणि धूरही कमी होतो. भरपूर धूर निघत असेल, तर तो बहुतेक वेळा माप चुकल्याचा पुरावा असतो.

माप जुळवण्याचा पहिला भाग अंतराचा. सर्वसाधारण स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते. कंट्रोलर त्या प्रत्येक पावलाचे १६ भाग करतो, म्हणजे फेऱ्याला ३,२०० पावले. २० दात्यांच्या पुलीवरचा २ मिलिमीटर दात्यांचा पट्टा एका फेऱ्यात ४० मिलिमीटर सरकतो. म्हणजे दर मिलिमीटरला ८० पावले. यंत्राला १०० मिलिमीटर जायला सांगावे आणि प्रत्यक्ष अंतर मोजावे. ते ९८ भरले, तर ८० ला १०० ने गुणून ९८ ने भागायचे. नवा आकडा ८१.६ येतो. रक्तदाबाचे यंत्र वेळोवेळी प्रमाण यंत्राशी ताडून पाहतात, त्यातलाच हा प्रकार. हा भाग बहुतेक जण मनापासून करतात.

दुसरा भाग उष्णतेचा, आणि तिथेच घाई होते. तार फोमला घासून कापत नाही. ती पुढे सरकताना समोरचा फोम तिच्या उष्णतेने वितळून मागे हटतो, म्हणून फट तारेपेक्षा रुंद पडते. तार फार तापली, तर फट वाढते, कड चकचकीत आणि खडबडीत होते आणि धूर निघतो. तार थंड असली, तर ती मध्ये वाकून मागे रेंगाळते आणि सरळ काप फुगीर येतो. तापल्यावर तार लांबते, त्यामुळे तिला ताण देणारी स्प्रिंगही लागते. योग्य बिंदू या दोन टोकांच्या मध्ये असतो. त्यासाठी टाकाऊ ठोकळ्यातून ५० मिलिमीटरचे चौकोन कापावेत, दर वेळी व्होल्टेज थोडे कमी करावे आणि व्हर्निअर कॅलिपरने प्रत्येक चौकोन मोजावा. तार न वाकता चालेल अशी सर्वांत कमी उष्णता हीच बरोबर उष्णता.

नॉब थोडा फिरवल्याने फारसे बिघडत नाही, हा समज मात्र चुकीचा आहे. तारेतली उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. व्होल्टेज १२ वरून ९ वर आणले, तर उष्णता जवळजवळ निम्मी होते. उलट दिशेनेही हाच हिशेब लागू पडतो. डोक्यावरचा पंखा चालू असेल, तर वाऱ्याने तार असमान थंड होते, काप बिघडतो आणि माणूस बिघाड झाकायला व्होल्टेज वाढवतो. त्यामुळे धूर वाढतो आणि पंखा तो खोलीभर पसरवतो.

विमानाचा निमुळता पंख कापताना आणखी एक गोष्ट लक्षात येते. पंखाचे मूळ रुंद, टोक अरुंद; दोन्हीकडचा काप एकाच वेळी संपायला हवा, म्हणून टोकाकडची बाजू हळू सरकते. तिथे तार जास्त वेळ रेंगाळते आणि जास्त फोम वितळतो. तापमान तेच असते, वेळ वाढलेला असतो. औषधाची मात्रा ठरवताना गोळीच्या ताकदीबरोबर ती किती दिवस घेतली हेही पाहावे लागते. फोमच्या बाबतीत तसेच, आणि श्वासातून आत जाणाऱ्या धुराच्या बाबतीतही तसेच.

या धुरात काय असते? थर्माकोल म्हणजे हवा भरून फुगवलेले पोलिस्टायरिन. ते साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते. त्याहून बरीच जास्त उष्णता मिळाली की त्याच्या लांब साखळ्या तुटू लागतात आणि स्टायरिनची वाफ सुटते. त्याबरोबर अतिसूक्ष्म कण असतात, आणि फोम करपला तर कार्बन मोनॉक्साइडही. डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे, डोके जड होणे, गरगरणे ही स्टायरिनची नेहमीची लक्षणे. दमा असलेल्याला अशा धुराने धाप लागू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मार्च २०१८ मध्ये स्टायरिनला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातले. त्यातला माणसांविषयीचा पुरावा मुख्यतः कारखान्यांत वर्षानुवर्षे मोठ्या प्रमाणात स्टायरिन हाताळणाऱ्या कामगारांच्या अभ्यासातून आला आहे. महिन्यातून दोन रविवार पंख कापणाऱ्याने त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. पण बंद खोलीत रोज तासन्‌तास काम करणाऱ्याने, आणि त्याच खोलीत लहान मूल, गरोदर स्त्री किंवा दमेकरी झोपत असेल त्या घराने, हा विषय हसण्यावारी नेऊ नये.

वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला, असे समजू नये. स्टायरिनचा गोडसर उग्र वास नाकाला अगदी कमी प्रमाणातही कळतो, हे खरे. पण काही मिनिटांत नाक सरावते. वाफ तेवढीच राहते आणि जाणीव बोथट होते. बाहेरून आलेल्या माणसाने नाक मुरडले, तर त्याच्या नाकावर विश्वास ठेवावा. करोनाकाळात घरात उरलेले एन-९५ मास्क इथे अपुरे आहेत. ते कण अडवतात, वाफ अडवत नाहीत. वाफेसाठी सक्रिय कोळशाचे कार्ट्रिज असलेला मास्क लागतो, आणि त्याच्याही आधी खिडकीत हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा. तो यंत्राच्या पलीकडच्या बाजूला असावा, म्हणजे धूर माणसाच्या तोंडावरून जाणार नाही.

सर्वांत गंभीर चूक मात्र कच्च्या मालाची आहे. थर्माकोलवर बंदी आल्यापासून मखरांसाठी सनबोर्डचा वापर वाढला. या नावाने विकले जाणारे अनेक पत्रे पीव्हीसीचे असतात. पीव्हीसी तापले की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, आणि श्वासनलिकेच्या ओलाव्यात तो हायड्रोक्लोरिक आम्ल बनतो. गादीचा आणि सोफ्याचा पॉलियुरेथेन फोम तापवला, तर त्याहून घातक वायू निघू शकतात. त्यांत हायड्रोजन सायनाइडही असतो. हे दोन्ही पदार्थ गरम तारेखाली कधीही घालू नयेत. ते पात्याने कापावेत. कोणता पत्रा कशाचा आहे हे विक्रेत्याला सांगता येत नसेल, तर तो तारेखाली न घेणेच बरे.

विजेबाबतही एक घातक शॉर्टकट आहे. पंख्याचा रेग्युलेटर घेऊन घरच्या २३० व्होल्टवर तार तापवणे स्वस्त पडते, पण तार उघडी असते आणि तिला हात लागतोच. त्यासाठी कमी व्होल्टेजचा, अर्थिंग केलेला वीजपुरवठाच वापरावा. यंत्र मध्येच अडकून तार फोमच्या पोटात थांबली, तर फोम वितळत राहतो आणि पेटू शकतो; म्हणून हालचाल थांबताच तारेचा प्रवाह बंद होईल अशी जोडणी हवी. काप चालू असताना चहाला उठू नये. ताणलेली तार तुटून डोळ्याकडे येऊ शकते, तेव्हा गॉगल घालावा. चटका बसलाच, तर वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावे; टूथपेस्ट, हळद, बर्फ लावू नये. त्वचेला चिकटलेले वितळलेले प्लास्टिक ओढून काढू नये, दवाखाना गाठावा.

कायद्याची बाजूही समजून घ्यायला हवी. राज्य सरकारने थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली तीही मार्च २०१८ मध्येच, आणि १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आहे. त्यामुळे गणपतीचे थर्माकोलचे मखर कापून विकण्याचा विचार करून यंत्र घेऊ नये. छंदापुरता टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल पुन्हा वापरता येतो. उरलेले तुकडे गटारात किंवा शेकोटीत न जाता सुक्या कचऱ्यात जायला हवेत. शेकोटीत ते जाळणे म्हणजे हाच धूर कितीतरी पटींनी गल्लीत सोडणे.

राहता राहिला जागेचा प्रश्न. एका खोलीच्या संसारात स्वतंत्र कार्यशाळा कुठून आणायची? कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले आणि ते २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिले. त्या मानाने फोम कटरला फार थोडी जागा लागते. गच्चीवर तीन बाजूंनी आडोसा केलेले एक टेबल, वाऱ्यापासून सुरक्षित आणि वरून मोकळे, सोसायटीने रविवारी चार तास वापरू द्यावे. ज्या शाळांत नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब आहेत, त्यांनी सुट्टीच्या दिवशी परिसरातल्या हौशी मुलांना शिक्षकांच्या देखरेखीखाली प्रवेश द्यावा. आणि किट विकणाऱ्यांनी माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी छापाव्यात : कोणता फोम कापायचा नाही, हवा कुठून बाहेर काढायची आणि सर्वांत कमी उष्णता कशी शोधायची. पावलांचा हिशेब दुसऱ्या पानावर आला तरी चालेल.

तोवर घराघरांतल्या कारागिरांनी एवढे तरी करावे. पहिला चौकोन कापण्याआधी खिडकी उघडावी, पंखा बंद करावा आणि नॉब वाटतो त्यापेक्षा एक घर मागे ठेवावा.