काकांची विलिस

दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या काळात, अमेरिकेत ६ लाखांहून अधिक जीपगाड्या तयार झाल्या. युद्ध संपल्यावर काही भारतातच विकल्या गेल्या. त्यांतलीच एक विलिस आमच्या काकांकडे आहे. "डिझेल इंजिन बसवा, खर्च वाचेल," असा सल्ला येणारा-जाणारा देतो. पेट्रोल महाग आहे हे खरे. पण ६० अश्वशक्तीचे मूळ इंजिन काढले, तर उरेल ते जीपचे सोंग! मात्र जुनेपणाचा हट्टही नको. ब्रेकच्या जीर्ण रबरी नळ्या बदलल्याच पाहिजेत; तिथे जिवाशी गाठ असते. काका दरमहा ग्रीसगन घेऊन गाडीखाली शिरतात. मित्रहो, नुसता नवा रंग फासून मिरवणाऱ्यांपेक्षा त्यांचे काळे झालेले हात मला अधिक मोलाचे वाटतात.