फीत कापली, आता राहतंय कोण?

यशाची सूत्रं सांगणाऱ्यांचा मला मनस्वी वीट आला आहे. जिद्द, चिकाटी, सकारात्मक विचार, वेळेचं नियोजन. एसी हॉलमध्ये पाण्याच्या बाटल्या वाटून ही मंडळी जे विकतात, ते आपटी खाल्लेल्यांकडेही पोत्यानं होतं. जिद्दीनं चालवून जिद्दीनंच बुडवलेल्या मराठी संस्था मोजायला बसलो तर या अंकाची पानं पुरायची नाहीत. अशा वक्त्यांना एकदा लखनौला आणावं, सकाळी कैसरबागेत उभं करावं आणि दुपारी कानपूर रोडनं सरोजिनीनगरला न्यावं. हॉलचं भाडंही वाचेल.

कैसरबागेत वाजिद अली शाहच्या परीखान्यात विष्णु नारायण भातखंडे यांच्या नावाचं विद्यापीठ आहे. लखनौला आलेला मराठी पाहुणा पाटीसमोर फोटो काढतो, ‘आपला माणूस!’ म्हणतो आणि कबाब खायला पसार होतो. आपल्या माणसाचं काय साधलं आणि काय फसलं, हे विचारायची त्याला गरज वाटत नाही. फोटो निघाला ना!

साधलं ते असं. वाळकेश्वरच्या या वकिलानं वकिली सोडून देश पालथा घातला, उस्तादांच्या नाकदुऱ्या काढून चिजा मिळवल्या आणि लिहून काढल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राला खाली टिंब, तार सप्तकाला वर. इतक्या किरकोळ खुणांवर क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग उभे राहिले. रागांच्या वर्गवारीसाठी त्यांनी मांडलेल्या दहा थाटांवर विद्वानांनी भरपूर तोंडसुख घेतलं आहे आणि त्यातलं बरंचसं मला पटतंही. पण टीका करणारेही राग कुठल्या थाटातला हे आधी सांगतात आणि मगच टीका करतात.

फसलं ते मोठं होतं. १९१६ साली सयाजीरावांच्या बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. मग दिल्ली, बनारस, आणि १९२४ व १९२५ साली लखनौ. स्वप्न होतं अखिल भारतीय संगीत अकादमीचं. ठराव झाले, समित्या झाल्या, समित्यांवर संस्थानिक झाले. अकादमी झाली नाही. शेवटी राय उमानाथ बली आणि प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांच्या खटपटीनं १९२६ साली लखनौत एक प्रांतिक कॉलेज निघालं, आणि त्याला नाव मिळालं गव्हर्नर विल्यम मॅरिस यांचं. राष्ट्रीय स्वप्न गुंडाळून ठेवायचं आणि वर गोऱ्या साहेबाची पाटी! आजचे अस्मितावाले असते तर कॉलेजच्या दारावर पहिला मोर्चा त्यांचाच आला असता. भातखंड्यांनी पाटीचा वाद घातला नाही. त्यांनी १९२८ साली तिथे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर नावाचा माणूस बसवला.

माझ्या मते मॅरिस कॉलेजच्या यशाचं सगळं रहस्य या एका नेमणुकीत आहे. स्वतः भातखंडे मुंबईहून येऊन-जाऊन असत. रातंजनकरांनी मात्र तिथेच बिऱ्हाड केलं आणि जवळजवळ तीन दशकं ते हलले नाहीत. १९३६ साली बेळगाव जिल्ह्यातल्या बैलहोंगलचा अकरा वर्षांचा कृष्णा गिंडे त्यांच्याकडे आला, तो कॉलेजात नव्हे, त्यांच्या घरात राहिला. चिदानंद नागरकर, एस. सी. आर. भट, दिनकर कैकिणी ही आज आपण आदरानं घेतो ती नावं त्याच माणसाच्या हाताखालची. आणि इथे मला हसू येतं. कॉलेज काढलं कशासाठी? उस्तादाच्या घराची मक्तेदारी मोडायला. फी भरा, वर्गात बसा, परीक्षा द्या, कुणाचे पाय चेपायला नकोत. उद्देश उदात्त होता आणि हजारो सामान्य घरांतल्या मुलामुलींना, विशेषतः मुलींना, त्यानं गाण्याचं दार उघडून दिलं, हे मी नाकारत नाही. पण गवई तयार झाले ते गुरूच्या घरात. माहितीपत्रकात जे नव्हतं, तेच कॉलेजच्या कामी आलं.

माहितीपत्रकात जे होतं ते देशभर पसरलं. माझ्या भाचीनं एका क्लासातून परीक्षा दिली. यमनचा वादी गंधार, संवादी निषाद, समय रात्रीचा पहिला प्रहर, सगळं धडाधड. हातात तानपुरा दिला तर तारा जुळवता येईनात. गुण पहिल्या वर्गाचे. क्लासचं नाव घेत नाही, कारण गल्लोगल्ली तोच क्लास आहे. आणि पाटी? ती वाढतच गेली. १९६६ साली सरकारनं कॉलेज ताब्यात घेऊन भातखंड्यांचं नाव दिलं, २००० साली अभिमत विद्यापीठ झालं, २०२२ साली राज्य विद्यापीठ. दर वेळी फीत कापली गेली. दुसरा रातंजनकर कुठल्या अधिसूचनेतून निघाला, ते मला कुणी दाखवावं.

आता सरोजिनीनगर. १९७२ साली केंद्र सरकारनं स्कूटर्स इंडिया लिमिटेड स्थापली आणि इटलीच्या इनोचेन्ती कंपनीकडून लॅम्ब्रेटाचा अख्खा कारखाना उचलून आणला. यंत्रं आली, नकाशे आले, नावाचा हक्कही आला. त्याच वर्षी आकुर्डीत बजाजनं चेतक काढली. पियाजिओशी करार नुकताच संपलेला, वेस्पा हे नाव हातचं गेलेलं. कागदावर बघाल तर पैज लखनौवर लावाल. प्रत्यक्षात लखनौची विजय डीलक्स किती घरांत होती आणि चेतक किती, हे माझ्या वयाच्या माणसाला सांगायला नको. १९९७ साली लखनौची स्कूटर बंद पडली आणि २०२१च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळानं कंपनीच बंद करायला मंजुरी दिली.

‘लायसन्स राजनं बजाजला गिऱ्हाईक बांधून दिलं होतं,’ असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण तेच लायसन्स राज लखनौलाही लागू होतं, आणि इथे तर लायसन देणाराच मालक! फरक एवढाच की राहुल बजाज आकुर्डीला कारखान्याच्या आवारातच कुटुंबासकट राहत. सरकारी कारखान्यात साहेब बदलीवर येतो, बदलीवर जातो. त्या कारखान्याचं एकच लेकरू नीट जगलं, ते म्हणजे विक्रम ही तीनचाकी. लखनौकर तिला टेम्पो म्हणतात. मागे समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसलेली माणसं, पुढे चालकाच्या दोन्ही बाजूंना एकेक जण अर्ध्या मांडीवर टेकलेला. चालक त्यातच डबा खाई, दुपारी त्यातच आडवा होई. विक्रममध्ये निदान कुणी तरी राहत होतं.

म्हणजे मुक्काम ठोकला की झालं, असा नवा मंत्र माझ्या नावावर खपवू नका. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन श्रुतींच्या मागे लागले. क्लेमेंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशाच्या साथीनं त्यांनी श्रुतींची हार्मोनियम तयार करवली. निष्ठेत काडीची कसर नव्हती. पण गाणाऱ्याला तिची गरजच नव्हती, त्याच्या गळ्यात त्या जागा आधीच होत्या. पेटी मागे पडली. कुणी मागितलेलंच नाही, त्याच्यापाशी जन्मभर राहूनही काही होत नाही.

उलट गायक विष्णु दिगंबर पलुस्करांचं बघा. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ साली मुंबईत त्याची शाखा काढली, कर्ज काढून इमारत बांधली, ते फेडायला गावोगाव गायले, आणि शेवटी इमारत लिलावात गेली. कुठल्याही ऑडिटरनं ‘अपयश’ असा शेरा मारला असता. पण घरात ठेवून, जेवू घालून तयार केलेले ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर काही लिलावात निघाले नाहीत. १९३१ साली पलुस्कर गेले आणि त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं.

हे सगळं मी मध्यंतरी एका विश्वस्त मंडळाला सांगून पाहिलं. संगीत केंद्रासाठी त्यांच्याकडे बांधकामाचा निधी होता, प्रेक्षागृहाच्या खुर्च्यांचा रंगही ठरला होता. मी म्हटलं, दोन खोल्या गुरुजींना राहायला काढा, चार पोरं त्यांच्यापाशी ठेवा. अध्यक्ष म्हणाले, ‘त्याला लेखाशीर्ष नाही. आणि हल्ली ऑनलाइन शिकवतात की!’ मग कोनशिलेवर किती नावं बसतील, यावर पाऊण तास चर्चा झाली. एकोणीस बसत होती. बावीस बसवायचं ठरलं, अक्षरं लहान करून.