सात वर्षांच्या बोलीचा पूल

या सदरात आपण दर दिवाळीला इथलं एक ठिकाण बघतो. यंदा वेल्समधल्या पॉन्टीप्रीदला जाऊ. कार्डिफहून ट्रेनने साधारण अर्धा तास. तिथे टॅफ नदीवर १७५६ साली पुरा झालेला दगडी पूल आहे. एकच कमान, या काठापासून त्या काठापर्यंत १४० फूट!

बांधणारा विल्यम एडवर्ड्स हा तिथलाच गवंडी, शिवाय धर्मोपदेशक. १७४६ मध्ये त्याने काम घेतलं ते एका बोलीवर: पूल सात वर्षं टिकला पाहिजे, नाहीतर पुन्हा बांधून द्यायचा. पहिल्या पुलाला पात्रात खांब होते. दोनेक वर्षांत पूर आला, वाहून आलेली झाडं खांबांना अडकली, पाणी तुंबलं आणि पूल गेला. मग त्याने खांब टाळून एकच कमान घ्यायचं ठरवलं. एकदा कमानीखालचा लाकडी साचाच पुरात वाहून गेला. पुढच्या वेळी कमान उभी राहिली, पण दोन्ही खांद्यांवरच्या भरावाचं वजन इतकं झालं, की त्या दाबाने मधला हलका माथा वर उचलला जाऊन ती फुटली.

शेवटी त्याने दोन्ही खांद्यांत तीन-तीन गोल, आरपार भोकं ठेवली. सर्वांत मोठं नऊ फुटांच्या आसपास. वजन उतरलं आणि कमान टिकली. चढ मात्र इतका खडा, की गाड्यांची दमछाक व्हायची. म्हणून १८५७ मध्ये शेजारीच सपाट पूल झाला.

माझं माहेर महाडचं. मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्रीचा १९२८ सालचा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, त्याबरोबर दोन एसटी गाड्या आणि माणसंही. दुसऱ्या दिवशी इथे बसून मी एकेका नातेवाइकाला फोन लावत होते. म्हणून एडवर्ड्सच्या कमानीपेक्षाही मला त्या सात वर्षांच्या बोलीचं मोल जास्त वाटतं. पूल वाहता झाल्यावरही त्याची काळजी कुणाच्या तरी नावावर होती.

आई-बाबा इकडे आले की एक दिवस काढून जरूर जा. आधी काठावरून पूल बघा, तिथूनच भोकं नीट दिसतात. ती कशासाठी, हे मुलांना विचारा; उत्तर लगेच सांगू नका. आणि पूल चढताना आजी-आजोबांचा हात धरायला विसरू नका!