एकदाच वापरा, म्हणे!

आमच्या टीममधे सायकलवाले नऊ जण आहेत. नऊच्या नऊ इंजिनिअर. त्यातल्या सहांकडे चाळीस हजारांच्या वरच्या सायकली, एकाची तर माझ्या बाबांच्या पहिल्या स्कूटरच्या पाचपट किमतीची. जेवायच्या सुट्टीत कॅडन्स, हार्टरेट, कार्बन असं सगळं चालतं. मागच्या आठवड्यात सहज विचारलं, "तुमच्यापैकी कितीजणांनी स्वतःच्या हाताने चेन उघडली आहे?"

शांतता. मग एकजण म्हणाला, "उघडायची असते का ती?"

तर आजचं भांडण या वाक्याशी आहे.

मी फार शहाणा आहे अशातला भाग नाही. तीन पावसाळ्यांपूर्वी मीही यातलाच होतो. पुण्याहून सायकल रेल्वेत टाकून घरी, वर्ध्याला नेली होती. पवनारला जायचं, धाम नदीच्या काठावर बसायचं, परत यायचं असा विकांताचा बेत. ज्यांनी विदर्भातली काळी माती पावसात पाहिलेली नाही त्यांना सांगतो, ती माती नसते, ती फेविकॉल असते. दुसऱ्या दिवशी चेन अशी कुरकुरायला लागली की रस्त्यावरचे कुत्रे वळून बघायला लागले. पुण्याच्या दुकानात फोन केला. उत्तर आलं, "चेन उघडू नका सर, वॉरंटीचा प्रॉब्लेम येईल. सर्व्हिसला घेऊन या." वर्ध्याहून! सातशे किलोमीटर!

मग आमच्या घराजवळच्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. हा माणूस चाळीस वर्षं सायकली दुरुस्त करतो आहे. त्यांनी नेहमीच्या पद्धतीने हातोडी आणि खिळा घेतला, एक पिन अर्धवट बाहेर ठोकली, चेन काढून रॉकेलमधे धुतली, पिन परत आत ठोकली. पंचवीस रुपये. आवाज गायब. मी खूष.

तिसऱ्या दिवशी सेवाग्राम रोडवर एका ट्रकच्या पुढे जायला उभा राहून पॅडल मारलं आणि चेन तुटली. नेमकी त्याच पिनवर. मी हँडलवर आणि मग रस्त्यावर. ट्रक मागे होता, ड्रायव्हर जागा होता, म्हणून हे लिहितो आहे.

चूक कोणाची? साध्या सायकलची, म्हणजे आपल्या ऍटलस-हीरो जमान्याच्या सायकलची चेन रुंद. आतली रुंदी इंचाचा आठवा भाग, पट्ट्या जाड, आणि गिअर नसल्याने ती नेहमी सरळ रेषेत चालणारी. तिची पिन ठोकून परत बसवली तर बरेचदा खपून जातं. माझी चेन नऊ गिअरची. बाहेरून जेमतेम साडेसहा मिलिमीटर. तिच्या पिनेचं टोक कारखान्यात दाबून फुलवलेलं असतं, ती फुललेली कडाच पट्टीला धरून ठेवते. पिन एकदा बाहेर ढकलली की कडा कापली जाते. वर गिअर बदलताना चेन आडवी वाकते, तो जोर त्याच पट्टीवर. काकांचं ज्ञान खोटं नव्हतं, ते दुसऱ्या चेनचं होतं.

खरा संताप पुढे आहे. तुटलेली चेन हातात घेऊन घरी आलो, अंगणात बसून पुसायला लागलो, तर एक कडी वेगळी दिसली. रंग जरा सोनेरी, पट्टीला लांबट भोक. क्विक लिंक! तुटलेल्या पिनेपासून चार बोटांवर. म्हणजे ज्या चेनला उघडायला दहा सेकंद पुरली असती, ती आम्ही हातोडीने फोडली. सायकल विकणाऱ्याने सांगितलं नाही, फोनवरच्याने सांगितलं नाही आणि मेकॅनिकलची डिग्री असलेल्या मला दिसलं नाही. मशीन डिझाईनच्या पेपरात रोलर चेनचं गणित बरोबर सोडवलं होतं, हे विशेष. नंतर पोटासाठी जावा शिकलो ते वेगळं.

बाबा ओट्यावरून बघत होते. म्हणाले, "तुमच्या सायकलला लॉक नसतं का रे?" बाबांच्या बावीस इंची सायकलच्या चेनला लॉक आहे: एक सुटी पट्टी आणि तिच्यावर माशासारखी स्प्रिंगची क्लिप. माशाचं तोंड चेन जाते त्या दिशेला, शेपटी मागे. उलटं लावलं तर कशाला तरी घासून क्लिप उडते. हे त्यांना शाळेत असल्यापासून माहीत आहे. क्विक लिंक म्हणजे त्याच लॉकचा नातू. क्लिप गेली, कारण अरुंद चेनमधे तिला जागा नाही. त्याऐवजी दोन सारखे अर्धे तुकडे, प्रत्येकात एक पिन आणि एक चावीच्या भोकासारखी खाच. ताण आला की पिन खाचेच्या अरुंद टोकात जाऊन बसते. म्हणजे जितकं जोरात पॅडल माराल तितकी ती घट्ट. उघडायची तर उलट करायचं, दोन्ही पिना एकमेकींकडे ढकलायच्या.

हे इतकं सोपं आहे की सांगायलाही लाज वाटते. चेन पुढच्या चाकावरून खाली उतरवा म्हणजे ढिली होईल. क्विक लिंकची पक्कड मिळते, तिने दोन्ही टोकांचे रोलर जवळ दाबा. पक्कड नसेल तर गिअरच्या जुन्या केबलचा तुकडा किंवा बुटाची नाडी दोन्ही रोलरांभोवती अडकवून कचकन ओढा. दोन तुकडे जरासे तिरके करून सोडवा, झालं. बसवताना लिंक चेनच्या वरच्या बाजूला आणा, मागचा ब्रेक घट्ट दाबा आणि पॅडलवर पाय द्या. 'टक्' असा आवाज येतो. तो ऐकल्याशिवाय उठायचं नाही. काही लिंकांवर बाण असतो, तो चेनच्या दिशेला. चेन काढलीच आहे तर पट्टीने मोजून घ्या: नव्या चेनच्या चोवीस कड्या बरोब्बर बारा इंच भरतात, आणि त्या इंचाच्या सोळाव्या भागाने वाढल्या की चेन बदला. नाहीतर ती मागची दातेरी चाकं खाईल आणि बिल तिप्पट येईल. लोक म्हणतात चेन ताणली गेली. लोखंड ताणलं जात नाही हो, पिना आतून झिजतात.

आता दुसऱ्या बाजूचं ऐकू. "चेन काढायची गरजच काय? वरून पुसा, तेल घाला." कोरड्या पुण्यात, डांबरी रस्त्यावर, मान्य. उलट सारखी रॉकेलमधे बुडवली तर कारखान्यातलं आतलं ग्रीस निघून जातं, हेही खरं. पण काळी माती रोलरच्या आत गेली की वरचं फडकं काय करणार? वरून तेल घातलं की आत माती आणि तेलाची छान पॉलिश पेस्ट तयार होते.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर. अनेक लिंकांच्या पाकिटावर लिहिलेलं असतं की एकदाच वापरा. शिमानोची अकरा गिअरची लिंक अशीच, स्रॅमचीही. थट्टा बाजूला ठेवून सांगतो, यात तथ्य आहे. लिंक जितकी अरुंद तितकी खाच उथळ, आणि प्रत्येक उघडझापीत ती थोडी झिजते. 'टक्' न होता लिंक सहज बसली तर ती फेकाच. सेवाग्राम रोडवर एकदा पडलेला माणूस हे सांगतो आहे.

पण मग जर्मनीची विपरमन कंपनी कॉनेक्स नावाची अकरा गिअरची लिंक बनवते, ती हाताने, पकडीशिवाय उघडते आणि पुन्हापुन्हा वापरता येते, ती कशी? केएमसी नऊ गिअरसाठी दोन्ही प्रकार विकते, परत वापरायची लिंकही आणि एकदाची लिंकही, ते कसं? म्हणजे 'एकदाच' हा निसर्गनियम नाही, तो कोणीतरी डिझाईनच्या टेबलावर घेतलेला निर्णय आहे. आणि आपण तो पाकिटावर न वाचताच पैसे देतो.

आमच्या शाळेने सहलीला मगन संग्रहालय दाखवलं होतं, गांधीजींनी 1938 साली उद्घाटन केलेलं. तिथला पायाने चालवायचा मगन चरखा मला आठवतो, कारण तो सायकलसारखा वाटला होता. बाकी सहलीतलं फक्त चिवडा आठवतो. पण चरख्याची एक गोष्ट मोठेपणी कळली. 1929 साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. त्या काळचे एक लाख! अटींमधे सूत किती निघावं हे होतंच. पण हेही होतं की किंमत दीडशे रुपयांच्या आत हवी, वेळच्यावेळी देखभाल केली तर यंत्र वीस वर्षं न थांबता चालावं आणि वर्षाला सुट्या भागांचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त नसावा. बक्षीस शेवटपर्यंत कुणालाच मिळालं नाही. पण रिक्वायरमेंट बघा! आमच्या प्रोजेक्टमधे मेंटेनन्सचा विचार रिलीजच्या आदल्या रात्री होतो.

हाच पाच टक्क्यांचा हिशोब मी माझ्या सायकलला लावला. सायकल बेचाळीस हजारांची, म्हणजे वर्षाला एकवीसशे. पहिल्या वर्षी दुकानाला दिले साडेसहा हजार, त्यातली अर्ध्याहून जास्त कामं चेन धुणे, चेन बदलणे, चेनने खाल्लेली चाकं बदलणे. गेल्या वर्षी सगळं मिळून चौदाशे, नवी चेन आणि दोन लिंका धरून.

म्हणून नवी सायकल घेणाऱ्याला मी हल्ली गिअर किती ते विचारतच नाही. विचारतो की चेन उघडता येते का आणि तीच लिंक परत लावता येते का. आठ-नऊ गिअरच्या सायकलीत हे बहुधा जमतं. बारा गिअर हवेच असतील तर घ्या, पैसे तुमचे आहेत. पण खिशात एक जास्तीची लिंक ठेवा, दहा ग्रॅमसुद्धा भरत नाही.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा मिस्त्रीकाकांसाठी नऊ गिअरच्या चार लिंका आणि एक पक्कड घेऊन गेलो. त्यांनी लिंक उलटसुलट करून पाहिली, दोनदा लावली, दोनदा उघडली. मग म्हणाले, "काहून बाबू, पुण्यातल्या दुकानवाल्यानं हे सांगतलं नाई काय तुले?"

"नाही ना काका."

"मग तो इकते काय नुसता?" असं म्हणून त्यांनी लिंका तंबाखूच्या रिकाम्या डबीत टाकल्या. "पुढच्या टायमाले दहावाल्याच्या आण दोन-तीन. कालेजातले पोट्टे येतेत आता तसल्या सायकली घेऊन."