दोन बॅटऱ्या आणि लिटरभर डिझेल

बिऱ्हाड पाठीवर | साप्ताहिक सदर

बंगळूरला थंडीचं कौतुक फार आणि अनुभव थोडा. या शहराचा नीचांक ७.८ अंश सेल्सिअस, तोही १३ जानेवारी १८८४ चा. म्हणजे आज इथे फिरणाऱ्या कुठल्याही गाडीला, तिच्या मालकाला आणि ती बांधणाऱ्या मिस्त्रीला गावात शून्याखालची रात्र कधी भेटलेली नाही. नेमकी हीच मंडळी अलीकडे आकुर्डीच्या फोर्सची ट्रॅव्हलर घेतात, सीट उपटून पलंग, ओटा, फ्रिज बसवतात आणि ऐन हिवाळ्यात हिमालयाची वाट धरतात.

कशासाठी? शिकारीसाठीच म्हणायचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदूक खाली ठेवायला लावली, तरी दबा धरून बसण्याची हौस काही गेली नाही. आता खांद्यावर लांबलचक लेन्स असते. नजर हिमबिबट्यावर. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या देशव्यापी मोजणीत तो ७१८ भरला, त्यातले ४७७ एकट्या लडाखात. पण लेहचे रस्ते हिवाळ्यात बर्फाखाली जातात, तिथे जाणारे विमानाने जातात. स्वतःची गाडी घेऊन निघालेला माणूस शिमला-किन्नौरमार्गे स्पितीत शिरतो आणि काझाच्या वर किब्बरला मुक्काम ठोकतो. किब्बरचं नाव आपल्याकडच्या वन्यजीवप्रेमींना नवं नाही. म्हैसूरच्या नेचर कन्झर्व्हेशन फाउंडेशनने तिथे वर्षानुवर्षं हिमबिबट्यावर काम केलं आहे. बंगळूरचे शिकारी-लेखक केनेथ अँडरसन यांची रानं मात्र सेलम, चित्तूर, शिमोग्याकडची. तिथली रात्र कांबळ्यावर निभते. किब्बर मात्र ४,२०० मीटरवर आहे.

बंगळूरच्या पीण्या भागातल्या एका शेडमध्ये अशीच एक गाडी बांधताना परवा पाहिली. काम सुबक. सागवानी रंगाचा प्लाय, त्यावर दिव्यांची पट्टी, ओट्याला गोल कडा. पण प्लाय थेट पत्र्याच्या फासळ्यांना स्क्रूने आवळलेला; मध्ये फोम नाही, काही नाही. फासळीला हात लावला तर बाहेरचं ऊन हाताला लागत होतं. बाकाखाली शंभर अँपिअर-अवरच्या दोन लिथियम बॅटऱ्या, शेजारी तीन किलोवॅटचा इन्व्हर्टर, आणि थंडीची सोय म्हणून दोन हजार वॅटचा ब्लोअर. मालक खूश होता. “इतकी पॉवर घेतली आहे, थंडीची काय बिशाद!”

हिशेब मांडूया. १२.८ व्होल्टच्या शंभर अँपिअर-अवरच्या बॅटरीत १.२८ युनिट वीज मावते. दोन मिळून अडीच युनिटच्या वर थोडी. इन्व्हर्टर त्यातला आपला वाटा खातो. दोन किलोवॅटचा ब्लोअर लावला की तास-सव्वा तासात खेळ खलास, आणि रात्र तर बारा तासांची. बाहेर उणे पंधरा आणि आत दहा अंश हवेत असं धरलं, तर अशा उघड्या पत्र्याच्या गाडीतून माझ्या ढोबळ अंदाजाने तीन किलोवॅटच्या आसपास उष्णता बाहेर पळते. म्हणजे बॅटरी भरलेली असतानाही ब्लोअर हरणारच. तळ फुटलेल्या रांजणात पाणी ओतायचं आणि वर रांजण लहान पडला म्हणून मोठा आणायचा, असला हा उद्योग आहे.

त्याच गाडीला छत, भिंती, तळ असा सगळीकडे इंचभर फोम लावा, काचांवर आतून जाड झडपा बसवा, की हीच गळती किलोवॅटच्या आत येते. आठशे वॅट धरू. आठ तास झोपायचं तर साडेसहा युनिटच्या घरात उष्णता लागेल. बॅटरीतून काढायची तर तसल्या पाच बॅटऱ्या, आणि सकाळी त्या पुन्हा भरायच्या कशाने? डिझेलच्या एका लिटरमध्ये सुमारे दहा युनिट ऊर्जा असते. चांगला डिझेल हीटर त्यातला बराच भाग आत आणतो. लिटरभरात रात्र निघते. विजेचं काम फक्त पंखा आणि पंप चालवण्याचं, रात्रभरात पाव युनिटच्या आत-बाहेर. पेटताना ग्लो प्लग काही मिनिटं दहाएक अँपिअर ओढतो तेवढाच. वेबास्टो, एबरश्पेखर या जर्मन कंपन्यांचे हीटर युरोपातल्या ट्रकवाल्यांच्या अंगवळणी पडलेले आहेत. स्वस्त चिनी नकला आता आपल्याकडेही मिळतात.

माझं म्हणणं एवढंच: वीज दिव्याला, पंपाला, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्यांना, ऊब इंधनातून. फार तर पन्नास वॅटचं बारा व्होल्टवर चालणारं गरम पांघरूण घ्यावं, ते रात्रभरात चारशे वॅट-अवर खातं. हवा तापवण्यापेक्षा माणूस तापवणं केव्हाही स्वस्त. बंगळूरची इंजिनियर मंडळी मात्र कुठल्याही प्रश्नाला आणखी एक बॅटरी जोडतात. सवयीचा परिणाम, अपार्टमेंटमध्ये पॉवर बॅकअप हाच धर्म ना!

छतावरचं सोलरही तिथे इथल्यासारखं वागत नाही. डिसेंबरअखेर बंगळूरला दुपारचा सूर्य क्षितिजापासून ५३ अंशांवर असतो, काझाला ३४. छतावर सपाट झोपवलेल्या पॅनलवर भर दुपारी काझाला ऊन तिरपं येतं, म्हणून इथल्यापेक्षा जवळपास तीस टक्के कमी पडतं. स्वच्छ हवा आणि गारवा पॅनलला मानवतो, त्यातून थोडं भरून निघतं. तरी पॅनल एका बाजूने उचलता येईल असं बिजागर लावलेलं बरं. त्याहून मोठी गोम बॅटरीत आहे: लिथियम फॉस्फेटची बॅटरी शून्याखाली डिस्चार्ज होते, पण त्या तापमानात चार्ज केली तर आत धातूचं लिथियम साचतं आणि ती कायमची अधू होते. चांगल्या बॅटरीची बीएमएस, म्हणजे तिच्यावर लक्ष ठेवणारी यंत्रणा, अशा वेळी चार्जिंगच तोडते. मग सकाळी लख्ख ऊन, पॅनल जोरात, आणि बॅटरीत काही जात नाही. उपाय साधा आहे, बॅटरी गाडीखाली न टांगता आत झोपायच्या जागेजवळ ठेवायची. पीण्याच्या त्या मालकाने निदान हे तरी बरोबर केलं होतं, जागा नव्हती म्हणून का होईना.

इंधनाचेही नखरे आहेत. मैदानात भरलेलं डिझेल कडाक्याच्या थंडीत मेणासारखं साकळतं. इंडियन ऑइलने पानिपतच्या रिफायनरीतून खास हिवाळी डिझेल नोव्हेंबर २०१९ मध्ये आणलं. ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं, आणि लडाख, कारगिल, काझा, केलाँग हाच भाग डोळ्यांसमोर होता. वर चढताना टाकीतलं खालचं डिझेल संपवत जायचं आणि हीटरची वेगळी टाकी असेल तर तीही विसरायची नाही. घरच्या सिलिंडरचा भरवसा तर नकोच. त्यातल्या ब्युटेनची वाफ शून्याच्या जरा खाली होईनाशी होते, चहाला आधण ठेवलं की बर्नर मिणमिणतो. आणि किब्बरच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठेक टक्केच. हीटरचा पंप तितकंच डिझेल ढकलत राहिला तर ते नीट जळत नाही, काजळी धरते. उंचीचं सेटिंग नसलेला हीटर स्वस्त म्हणून घेऊन तिथे न्यायचा नसतो.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो ते. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या केलेल्या कॅरव्हॅनमध्ये दोघे मृतावस्थेत सापडले. एसी चालू होता, त्यासाठी जनरेटर चालू होता. कालिकतच्या एनआयटीच्या पथकाने तपासलं, तर जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड फटीतून आत शिरत होता. लक्षात घ्या, ही घटना थंडीतली नव्हे, समुद्रकाठच्या केरळातली. थंडीतलं उदाहरण जानेवारी २०२० चं: नेपाळमध्ये दमन इथल्या रिसॉर्टात केरळचे आठ पर्यटक एका खोलीत गॅस हीटर लावून झोपले, दारं-खिडक्या बंद. आठही गेले, त्यात चार मुलं होती. या वायूला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट असोशीने चिकटतो. झोपलेल्या माणसाला कळायच्या आत सगळं उरकलेलं असतं.

म्हणून शेगडी, कोळसा, उघडी ज्योत असलेला गॅस हीटर यांपैकी काहीही गाडीत पेटवून झोपायचं नाही, मग फट कितीही मोठी ठेवा. डिझेल हीटर चालतो तो एवढ्यासाठी, की तो जळायला हवा बाहेरून घेतो आणि धूर बाहेर सोडतो. आतल्या हवेशी त्याचा संबंध येत नाही. तो एक्झॉस्ट पाइप खिडकीखाली न सोडता मागे काढावा, आणि बर्फ साचला की संध्याकाळी एकदा खाली वाकून बघावं. खिडकी तरीही बोटभर उघडी हवी. झोपलेला माणूस रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी श्वासातून सोडतो. सगळं बंद ठेवलं तर सकाळी काचेवर आतून बर्फ आणि गादी ओली.

लडाखचे अभियंते सोनम वांगचुक यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये सैनिकांसाठी सौर उष्णतेवर तापणारा तंबू दाखवला. बाहेर पारा उणे चौदापर्यंत उतरत असताना रात्री दहाला आत पंधरा अंश, एक काडीही न पेटवता. दिवसाची ऊब साठवायची आणि मधल्या थरांनी अडवून धरायची, एवढंच त्यात आहे. आपल्या गाडीवाल्यांना त्यातलं अडवून धरणं जमलं तरी अर्धं काम झालं.

बंगळुरात अशा गाड्या भाड्याने देणारे बरेच झाले आहेत. त्यांच्या यादीत बार्बेक्यूचा संच असतो, प्रोजेक्टर असतो, चमचमत्या दिव्यांच्या माळा असतात. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बहुतेक ठिकाणी विचारल्यावरही मिळत नाही. परिवहन खात्याने हे सक्तीचं करावं, आणि होईपर्यंत भाड्याने घेणाऱ्याने अलार्म स्वतः विकत घेऊन उशाशी, झोपलेल्या तोंडाच्या उंचीवर लावावा.

स्पितीला निघण्याआधी एक रात्र उटीजवळ तलैकुंदाला काढा. जानेवारीत तिथे दव गोठतं, गवत पहाटे पांढरं होतं. कुणाच्या होमस्टेच्या अंगणात गाडी लावायची, मध्यरात्री हीटर बंद करायचा आणि आतला पारा तासाला किती उतरतो ते वहीत लिहायचं. फक्त शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर निघू नका. वाटेतलं बंदीपूरच्या जंगलाचं फाटक रात्री नऊला बंद होतं ते सकाळी सहापर्यंत उघडत नाही.

– बिऱ्हाडकरू