‘ट्रँगल’ हे नुसते कोडे नव्हे



काळाच्या फेऱ्यात अडकलेल्या पात्रांच्या भयपटांवरचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. ख्रिस्तोफर स्मिथ यांचा ‘ट्रँगल’ (२००९) आकृती काढून सोडवायचे कोडे आहे आणि त्यातली ग्रीक पुराणकथा केवळ सजावट, हे लेखकाचे मत मला साफ अमान्य आहे.

नौकेवरून निघालेल्या नायिका जेसला समुद्रात भेटणाऱ्या जहाजाचे नाव इओलस. वाऱ्यांचा देव इओलस हा सिसिफसचा बाप आणि सिसिफसने मृत्यूला दिलेला शब्द मोडला, हे पात्रांच्याच तोंडी येते. (ग्रीक परंपरेत वाऱ्यांचा देव आणि सिसिफसचा बाप हे दोन इओलस वेगळेही मानतात, चित्रपटाने ते एक केले.) प्रेक्षकांना सिसिफसची डोंगरावर पुन्हा पुन्हा ढकलावी लागणारी धोंड तेवढी आठवते, मोडलेला शब्द आठवत नाही. बायकोने अंत्यसंस्कार केले नाहीत, तिला जाब विचारून लगेच येतो, असे सांगून तो पाताळातून सुटतो आणि परत जात नाही. धोंड ही त्या लबाडीची शिक्षा आहे.

आता शेवट पाहा. अपघातात मुलगा गेल्यावर जेस टॅक्सीने बंदरावर येते. ‘परत येणार ना?’ असे विचारून ड्रायव्हर मीटर चालू ठेवतो. ती वचन देते आणि सरळ नौकेवर चढते. फेरा इथून सुरू होतो, आणि तो जहाजाने तिच्यावर लादलेला नाही. मुलाचे मरण तिला मान्य नाही, म्हणून ती तो पत्करते. त्याच मुलावर ती घरी हात उगारत होती, हे आपल्याला फार उशिरा दाखवले जाते. ती मारकुटी आई म्हणजे जेसचेच दुसरे रूप. त्या रूपाला ठार करून जेस प्रेत डिकीत घालते, पण मूल वाचत नाही. यातली भीती कोणत्या आकृतीत मांडणार?

लेखकाने याची तुलना आपल्याकडच्या जन्ममरणाच्या फेऱ्याशी केली आहे, तीही पटत नाही. तिथे कर्मानुसार पुढचा जन्म बदलतो आणि मोक्षाची वाट असते. इथे देह तोच, दिवस तोच. नौकेवर झोप लागली की जेसची आठवणही पुसट होते. तिला पश्चात्तापातून शिकण्याचीही सोय नाही.

शेवट लेखात आधीच उघड झाला आहे, म्हणून इतके मोकळेपणाने लिहिले. चित्रपट पुन्हा पाहणाऱ्यांनी कागद-पेन बाजूला ठेवून ड्रायव्हरचा तो प्रश्न आणि जेसचे उत्तर नीट ऐकावे, ही विनंती.

– एक वाचक, सांगली