बापाचा धंदा सांगण्यास लाज कां?

शेतकरी व कारागीर बंधूंनो, गेल्या महिन्यांत आमच्या शाळेंत एक प्रकार घडला. पांचवीच्या मुलांचीं नांवें लिहून घेतांना एकास आम्हीं विचारलें, "बाप काय करतो?" मुलगा म्हणाला, "नोकरी." त्याचा बाप बाजारांत शिवणयंत्र घेऊन बसतो, आमच्या अंगांतला सदरा त्यानेंच शिवलेला. सारा वर्ग हंसला. आम्हीं रकाना कोरा ठेवला. हें खोटें त्या पोरानें मनाचें काढलें नव्हतें. तें आम्हां थोरांनीं त्याला शिकविलें, व त्यांत आमचाहि वांटा आहे.

वीस-बावीस वर्षांपूर्वीं आम्ही अध्यापक विद्यालयांत शिकण्यास गेलों. पहिल्याच दिवशीं तोंडून "काहून" गेलें, नि खसखस पिकली. "जायलो, करायलो" म्हटलें कीं पाठीमागून नक्कल होई. दोन वर्षांत आम्हीं जिभेला असें वळण लावलें कीं, सुटींत घरीं गेलों असतां आईनें भाकर वाढतां वाढतां विचारलें, "काहून रे, पाहुण्यावाणी बोलायलास?" त्या रात्रीं ती आमच्याशीं फारसें बोलली नाहीं.

पुस्तकी भाषा वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. ती मुलांस आलीच पाहिजे. अर्ज लिहितांना, कचेरींत भांडतांना ती हत्यारासारखी उपयोगी पडते. पण हत्यार धरण्यासाठीं कोणी आपला हात कापून टाकतो काय?

आणि हा प्रकार घडला कोठें, तर हिंगोली जिल्ह्यांत! नरसी हें नामदेवरायांचें जन्मगांव, असें आपण मानतों. घर शिंप्याचें. औंढ्यास नागनाथापुढें कीर्तन चाललें असतां पुजाऱ्यांनीं त्यांस हांकललें, ते मागें जाऊन उभे राहिले आणि देऊळच फिरलें, ही कथा आपल्या घरोघरीं सांगतात. देऊळ फिरलें कीं नाहीं याचा खल ज्यास करावयाचा त्यानें करावा. आम्ही पाहतों तें एवढेंच कीं, कथेंतल्या नामदेवांनीं पुढें उभें राहण्यासाठीं आपलें कूळ लपविलें नाहीं.

पुढें ते पंजाबांत गेले. तेथें त्यांस ओळखणारें कोण होतें? परमुलखांत वाटेल तें कूळ सांगतां आलें असतें. पण शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबांत त्यांचीं ६१ पदें आहेत, त्यांत ते आपणांस छिपा, म्हणजे कापडाचा कारागीर, म्हणवितात. गज, कातर, सुई, दोरा, सारें दुकान त्या पदांत आलें आहे! शीख लोक त्या ग्रंथापुढें मस्तक ठेवतात. पंजाबांत घुमान येथें नामदेवांचें स्थान आहे. २०१५ सालीं मराठी साहित्य संमेलन तेथेंच भरलें. आणि आमचें पोर नरसीच्या शेजारीं बसून बापाची कातर लपवितें.

आम्ही त्या बापास भेटलों, शनिवारीं वर्गांत येऊन मापें शिकवा म्हणालों. तो म्हणाला, "गुरुजी, पोराला साहेब करायचंय, शिंपी नाही." आम्हांस चटकन उत्तर सुचलें नाहीं. उन्हातान्हांत पाय मारणाऱ्या माणसाला धंद्याची थोरवी सांगणें पगारदाराला सोपें असतें. शेवटीं म्हणालों, "साहेब होऊं द्या कीं; पण तुमचं नांव घेऊन होऊं द्या."

शनिवारीं तो आला. खांदा, छाती, बाही मोजून कापड किती लागेल हें त्यानें फळ्यावर मांडलें. आमच्या गणितापेक्षां पोरांस तें लवकर समजलें. त्याचें पोर मागच्या रांगेंत मान खालीं घालून बसलें होतें. बापानें पट्टीचें टोंक धरण्यास हांक मारली, तेव्हां उठलें, पण सावकाश.

हजेरींतला तो रकाना अजून कोराच आहे. तो ज्याचा त्यानेंच भरावा, म्हणून आम्ही थांबलों आहों.